पोतंभर साली आणि आत्याचं नाक

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. या खेपेला तो नुसता कागदावरचा नाही हं. हे पत्र मी खरोखर जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे, कारण टेबल, खुर्ची आणि पलंग या तिन्ही ठिकाणी संत्र्याच्या साली पसरल्या आहेत. (टेबलावरच्या कामाच्या, पलंगावरच्या उरलेल्या. खुर्चीवरच्या कोणी ठेवल्या ते अजून कळलेलं नाही.) मी खुशाल आहे. तुझी कंबर कशी आहे? आतोबांचा खोकला? आणि मुख्य म्हणजे, नाक काय म्हणतंय? बाबांना विचारलं की ते 'आहे जागेवर' एवढंच सांगतात. नाक जागेवर आहे हे मलाही माहीत आहे. गेल्या वर्षीच्या तापात त्याचं वास घेण्याचं खातं बंद पडलं, ते उघडलं का, हा माझा प्रश्न आहे. डॉक्टरांनी तुला रोज सकाळ-संध्याकाळ उग्र वास हुंगायला सांगितलं होतं, ते तू सोडून दिलंस म्हणे. 'साबण हुंगला काय नि पाणी हुंगलं काय, मला सगळं सारखंच.' आत्या, हे काही बरं नाही. अगं, त्या नाकावर अख्खं घर चालत होतं! शेजारणीचं दूध करपलं की तिच्या आधी तुला कळायचं. आतोबा 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून बाहेर जायचे आणि परत आल्यावर तू दारातच त्यांच्या सिगारेटचा हिशेब मांडायचीस. आणि मी गच्चीत चोरून संत्रं सोलायला घेतलं की साल पुरती निघायच्या आत स्वयंपाकघरातून हाक यायची, 'एक फोड इकडे!' तुझ्याकडे राहून मी सगळी शाळा शिकलो, पण एक आख्खं संत्रं काही एकट्याने खाल्लं नाही.

तर आता माझी हकीकत. केमिकल इंजिनिअरिंग म्हणजे काय हे आपल्या घरात कोणालाच नीट कळलेलं नाही, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत मलाही कळलं नव्हतं, त्यामुळे कोणी कोणाला हसू नये. आतोबा मला सायकलच्या गंजावर औषध विचारतात. आई शाईच्या डागावर विचारते. शेजारच्या काकूंनी तर टकलावर विचारलं (स्वतःच्या नव्हे, काकांच्या). खरं सांगू? आम्ही एवढंच शिकतो, की एका भांड्यातलं दुसऱ्या भांड्यात कसं न्यायचं, वाटेत ते गरम करायचं की गार, आणि मधल्या मध्ये स्फोट कसा होऊ द्यायचा नाही. यातलं शेवटचं कलम माझं जरा कच्चं आहे, ते पुढे येईलच.

शेवटच्या वर्षाला प्रत्येक जोडीने एक प्रकल्प करायचा असतो. आमचे मार्गदर्शक सर सज्जन आहेत, पण काहीही बिघडलं की त्यांचं एकच वाक्य, 'आधी व्हॉल्व्ह उघडा आहे का बघा.' यंत्र चालेना, व्हॉल्व्ह बघा. उत्तर चुकलं, व्हॉल्व्ह बघा. एका मुलाला बोलताना रडू कोसळलं तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच निघालं. म्हणून ते व्हॉल्व्हसर. त्यांनी वर्गात विचारलं, विषय कोणाकडे आहे का? आता गप्प बसावं की नाही? पण सुट्टीत घरी पाहिलेलं एक दृश्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. तू ओट्यापाशी पाठमोरी उभी होतीस. संत्र्याची साल चिमटीत दाबून नाकाशी धरलीस, पुन्हा दाबलीस, आणि मग हळूच केराच्या टोपलीत टाकलीस. बाहेर येऊन आम्हाला म्हणालीस, 'बरं झालं बाई, तुमच्या मोज्यांपासून सुटले!' आम्ही सगळे हसलो. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. तर ते आठवलं आणि माझा हात आपोआप वर गेला. म्हणालो, 'सर, संत्र्याच्या सालीपासून तेल.' सरांनी कारण विचारलं तेव्हा मी 'औद्योगिक महत्त्व' असं काहीतरी ठोकून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

माझ्या जोडीला जी मुलगी आली तिला सगळे तराजू म्हणतात, कारण ती चहातली साखरसुद्धा वजन करून घालेल. आम्ही आधी काचेच्या छोट्या चंबूत मूठभर साली घेतल्या, खालून वाफ सोडली, ती वाफ सालीतलं तेल बरोबर घेऊन वर आली, गार नळीतून जाताना तिचं पाणी झालं आणि त्या पाण्यावर तेलाचा एक इवलासा डोळा तरंगला. मी तर नाचलोच! तराजू म्हणाली, 'नाच नंतर. एवढं दाखवून कोणी पास करत नाही.' मग प्रयोगशाळेतलं मोठं भांडं मागितलं. त्याला पोतंभर साली लागणार होत्या. कोपऱ्यावरच्या ज्यूसवाल्याकडे रोज संध्याकाळी पिशव्या घेऊन उभं राहायचं आमच्या नशिबी आलं. तो आधी संशयाने बघायचा, मग गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायला लागला, 'ही दोघं इंजिनिअरिंगला आहेत, साली गोळा करतात.' गिऱ्हाइकं आमच्याकडे फार दयेने बघायची.

आता खरी चूक ऐक. ती करायला माणूस चांगला शिकलेलाच लागतो. पुस्तकात लिहिलंय, तुकडे जितके बारीक तितका वाफेचा स्पर्श जास्त, तितकं तेल जास्त. मग आम्ही कशाला कमी करतोय? मेसमधला मिक्सर आणून सगळ्या साली गंधासारख्या वाटल्या. (मिक्सर वारला. त्याबद्दल वेगळी बोलणी चालू आहेत.) तो लगदा भांड्यात भरला आणि वाफ सोडली. वाफेने तो असा काही शिजवला की त्याची खळ झाली आणि वर जायच्या सगळ्या वाटा बुजल्या. काटा चढतोय, थेंब पडत नाही. मी म्हटलं, थोडी वाट बघू. तराजू म्हणाली, वाफ बंद कर. आमचं हे चाललेलं असताना आमचे विभागप्रमुख चार पाहुण्यांना घेऊन आत आले आणि 'आमचे विद्यार्थी इथे प्रत्यक्ष काम करतात' म्हणाले. त्याच क्षणी वरचा रबरी पाइप सुटला! मुरांबा छताला लागला, छतावरून पंख्यावर, आणि पंखा चालू होता. देवाची कृपा म्हणून कोणाला भाजलं नाही, पण पाहुण्यांतल्या एकांचे कपडे पांढरे होते. पळत आलेल्या व्हॉल्व्हसरांनी छताकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, 'व्हॉल्व्ह...?' मी म्हटलं, 'उघडा होता, सर.' तसे ते खिशातला रुमाल काढून पाहुण्यांचे पांढरे कपडे पुसायला लागले.

ते छत पुसता पुसता नाकी नऊ आले. पुन्हा पिशव्या, पुन्हा ज्यूसवाला. या वेळी साली हाताने जाड जाड कापल्या आणि भोकांच्या ताटल्यांवर थर लावून मोकळ्या पसरल्या. वाफ निमूट वर गेली. थेंब पडायला लागले. दिवसभर आम्ही त्या नळीसमोर बसून होतो. पण गंमत बघ, तोपर्यंत इतके दिवस त्या वासात राहून मला संत्र्याचा वासच येईनासा झाला होता! लोक मला बघून नाकाला रुमाल लावत होते, आणि मी तेलात नाक खुपसलं तरी काही नाही. नुसतं पाणी. दोन दिवस बाहेर हिंडल्यावर वास परत आला, पण ते दोन दिवस मी फार घाबरलो होतो गं. मेसचं जेवण कागद चावल्यासारखं लागत होतं. तुझं हे वर्षभर चाललंय आणि तू आम्हाला मोज्यांचे विनोद सांगतेस.

असो. पोतंभर सालींतून निघालेलं तेल करंगळीएवढ्या बाटलीत मावलं. डोंगर पोखरून उंदीर, पण उंदीर अस्सल आहे. ती बाटली सोबतच्या डब्यात कापसात गुंडाळून ठेवली आहे. तुझ्यासाठीच आहे. रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून हुंग. आळस करू नकोस. आतोबांना नमस्कार.

तुझा,
तीन चतुर्थांश इंजिनिअर भाचा

ता. क. एक सांगायचं राहिलं. ती बाटली पुढच्या आठवड्यात तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांसमोर ठेवायची आहे. 'बाटली नाही तर प्रकल्प नाही', असं सरांनी बजावलंय, आणि प्रकल्प नाही तर हे सत्र पुन्हा. अर्धं तेल पाठवणार होतो, पण उरलेल्या अर्ध्यात त्यांचं मोजमापाचं भांडं भरत नाही. तेव्हा लगेच हुंगून उलट टपाली परत पाठव. सांडू नकोस. आणि आतोबांना सायकलच्या साखळीला लावू देऊ नकोस, मी त्यांना ओळखतो.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. तराजूने वाचला. बाटलीत तिचाही अर्धा वाटा, त्यामुळे आता माझं काही खरं नाही असं वाटलं. तिने विचारलं, 'आत्यांना वास यायला किती दिवस लागतील?' मी म्हटलं, डॉक्टरांनाही माहीत नाही. 'मग परत कसली मागतोस, मूर्खा?' म्हणाली, आणि पिशव्या उचलून ज्यूसवाल्याकडे गेलीसुद्धा. मलाही निघायला हवं. टेबलावरच्या साली कापायच्या आहेत, परीक्षेच्या आत दुसरी बाटली भरायची आहे. नाही भरली तर सत्र पुन्हा करू, संत्री काही संपत नाहीत. तेव्हा बाटली परत पाठवू नकोस. रोज हुंगत राहा. आणि कधीतरी एखाद्या सकाळी जरासा जरी वास आला ना, तर लांबलचक पत्र लिहीत बसू नकोस. एका कार्डावर फक्त 'एक फोड इकडे' एवढंच लिहून टाक. मी आख्खं संत्रं घेऊन येतो.