चिखलीची नोटीस

चिंचवड,
ता. ९ एप्रिल १९५९

चि. ज्योतीराम यास,

आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, निवृत्त मास्तरणीला एवढीच सोबत.

तुझे पत्र पोचले. विजेच्या खात्यात इंजिनिअर झालास, अक्षर मात्र अजून कोंबडीचेच. धरणांचे पाणी उन्हाळ्यात पुरत नाही, पिंपरीचे कारखाने वाढणार, डिझेलची इंजिने महाग. म्हणून आता कोळशावरचे वीजघर, आणि त्याला चिखलीची शेते. पाणी इतके, कोळसा इतका, तेल जरासे. आमटीची कृती सांगावी तसे लिहिले आहेस. शेते कुणाची, ते तेवढे राहिले.

आणि वर, "ताई, बाया तुझे ऐकतात. नोटीस इंग्रजीत आहे, तूच समजावून सांग. काळजीचे कारण नाही म्हणालीस तरी पुरे."

हे वाक्य तुझे नाही. वडिलांचे आहे.

तू तेव्हा पाच वर्षांचा होतास. वडील धरणाच्या कंपनीत कारकून. मी कॉन्व्हेंटमधून नुकतीच बाहेर पडलेली, इंग्रजीची भलती घमेंड. "काळजीचे कारण नाही, एवढेच सांग," म्हणत त्यांनी मला मावळातल्या एका अंगणात धरणाची नोटीस वाचायला बसवले. हरकत घ्यायला तीस दिवस, असे त्यात स्वच्छ छापले होते. गोजाबाई नावाच्या म्हातारीने विचारले, "पोरी, पानी उंबऱ्याला लागंल का गं?" वडिलांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, "नाही." मुदतीची ओळ वाचलीच नाही.

तिसऱ्या पावसाळ्यात तिचे घर बुडाले. त्या पाण्याच्या विजेवर तू अभ्यास केलास, मी वह्या तपासल्या. पस्तीस वर्षे हे कुणाला बोलले नाही. आज तुला सांगते, तेही माझे मन हलके करायला नव्हे.

काल चिखलीला गेले. छबूबाईच्या ओट्यावर अकरा बाया जमल्या. नोटीस शब्द न् शब्द मराठीत सांगितली. मुदतीची ओळ दोनदा.

छबूबाई म्हणाली, "म्हंजी आमाला न्हाई म्हनता येतंय व्हय? तुमचा भाऊ नोटीस द्याया आला तवा तर काई बोलला न्हाई त्ये!"

"त्याला कुणी विचारलं नाही."

"मंग इचारू की!"

हरकतीच्या अर्जावर अकरा अंगठे उठले आहेत. अर्ज मी लिहिला, इंग्रजीत, तुझ्या साहेबाला दुभाषा लागू नये म्हणून. सुनावणीला तू त्याच्या शेजारी बसशील. मी समोर, बायांच्यात. तिथे मला ताई म्हणू नकोस. मीही तुला ओळख देणार नाही.

चिखलीच्या अकराजणींच्या वतीने,
इंदू