तिसऱ्या खेपेचा उतारा

के. आर. पुरम, बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे बाकीचं पत्र मोकळेपणाने लिहिता येईल. मी पुन्हा नापास झाले.

हे गेल्यावर त्यांच्या संस्थेच्या ग्रंथालयात मला अनुकंपेवर मदतनिसाची जागा मिळाली, तेव्हाच साहेबांनी सांगितलं होतं की कारकुनाच्या परीक्षेला तीनदाच बसता येतं. दोन खेपा गेल्या. तिसरी जूनमध्ये आहे. तीही गेली, की निवृत्त होईपर्यंत पुस्तकांवरची धूळ पुसायची आणि ट्रॉली ढकलायची. दादा, मला पुस्तकं ढकलायची नाहीत, उघडायची आहेत. हे तुझ्याखेरीज कुणाला बोलले नाही.

पेपरात इंग्रजीचा अपठित उतारा असतो, चाळीस मार्कांचा. तू पाठ करायला दिलेल्या नऊशे शब्दांपैकी त्यात मोजून सात आले. दुसऱ्याच ओळीत एक अनोळखी शब्द भेटला आणि मी तिथेच फतकल मारून बसले. एका शब्दाचा अर्थ लागल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही, ही तुझीच शिकवण. घंटा झाली तेव्हा मी चौथ्या ओळीत होते.

आमच्या ग्रंथालयात धनलक्ष्मीअक्का आहे, कोलारकडची. माझ्यासारखीच मदतनीस, पण वीस वर्षं जुनी, आणि राहते आमच्याच इमारतीत. शिक्षण सातवी. तरी इंग्रजी पत्रकं तिला बरोबर कळतात. परवा इमारतीत सूचना लागली की दोन दिवस पाणी ‘इंटरमिटंट’ असेल, साठवून ठेवा. मी पिशवीतून शब्दकोश काढेपर्यंत ही बाई बादल्या भरायला गेलीसुद्धा. नंतर म्हणाली, साठवा म्हणतायत म्हणजे पाणी धड येणार नाही, एवढं कळलं की पुरे. शब्द अडला की बसमधल्या कंडक्टरसारखं आपणच आपल्याला म्हणायचं, स्वल्प मुंदे होगी, जरा पुढे सरका. पुढे कुणीतरी ओळखीचं भेटतंच.

या खेपेला तिच्या पद्धतीने करून बघू का? फोनच केला असता, पण तू कानाचं यंत्र लावत नाहीस आणि माझं नापास होणं सगळ्या गल्लीला ऐकू जातं. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, रागावण्याआधी तो एकदा आठवावास.

तुझी,
नयना

•

गडहिंग्लज
२० जानेवारी २०२५

चि. नयनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. नापास झालीस त्याचं वाईट वाटलं, आणि पुढचं वाचून त्याहून वाईट वाटलं. अंदाजपंचे दाहोदरसे हा भोपळा हातात धरून वजन सांगायचा प्रकार झाला, भाषा शिकायचा नव्हे. परीक्षेच्या हॉलमध्ये बादल्या भरून मार्क मिळत नाहीत.

मी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. माझ्या वर्गातल्या पोरांच्या पुस्तकात प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला असे. धडा उघडला की इंग्रजी दिसतसुद्धा नसे, इतकी तयारी! सात शब्द आले म्हणतेस, याचा अर्थ नऊशे कमी पडले. सोबत आणखी सहाशे पाठवतो आहे. रोज दहा. तुझ्या त्या अक्कांबद्दल मला आदर आहे, पण त्यांना परीक्षा द्यायची नाही, तुला द्यायची आहे, आणि तीही शेवटची.

तुझी वहिनी म्हणते, मी फार रागाने लिहितो आहे. मी फक्त स्पष्ट लिहितो आहे. प्रकृती सांभाळ, आणि यादी पाण्यात भिजवू नकोस.

तुझा,
दामोदर

•

के. आर. पुरम
२ मार्च २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

यादी कोरडी आहे. तिच्यातले चाळीस शब्द पाठ केले आणि मग थांबले, खोटं कशाला सांगू? त्याऐवजी रोज दुपारी अक्काबरोबर एक जुनं इंग्रजी मासिक घेऊन बसते. शब्द अडला की आम्ही त्याची चौकशी करतो. शब्द चांगल्या घरचा दिसतो की वाईट? कुणी काहीतरी केलं असं सांगतो, की नुसता कसा होता ते सांगतो? शेजारपाजारी कोण आहे? आणि इतकं करूनही नाही कळला, तर त्याच्यावाचून काही अडतंय का? दादा, गंमत म्हणजे निम्म्या वेळा अडतच नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे आले तेव्हा मला कन्नडचा शब्दकोश कुणी दिला होता? भाजीवाली सोप्पु म्हणून पालेभाजीची जुडी पुढे करायची, मी घ्यायचे. आज मी तिच्याशी भांडू शकते. इंग्रजीला काय असं सोनं लागलंय की तिला वेगळा न्याय?

आता माझी फजिती. तू हसशील म्हणून लपवणार होते. मला खोकला झाला. औषधाच्या बाटलीवर लिहिलं होतं, यामुळे ‘ड्राउझीनेस’ येऊ शकतो. मला शब्द ‘ड्राय’सारखा वाटला. घसा कोरडा पडत असेल, असं म्हणून सकाळी दोन चमचे घेतले आणि वर पाणी भरपूर प्यायले. अकरा वाजता नकाशांच्या कपाटामागे बसल्या बसल्या डोळा लागला. अक्काने हलवून उठवलं, नाहीतर साहेबांनी उठवलं असतं. वाईट याचं वाटलं की पुढच्याच ओळीत लिहिलं होतं, औषध घेऊन गाडी चालवू नये. ती ओळ मी वाचली होती! पण मला कुठे गाडी चालवायची आहे, म्हणून सोडून दिली. शेजारी ओरडून सांगत होता आणि मी दार लावून घेतलं.

तेव्हा तुझं थोडं खरं आहे. नुसत्या अंदाजावर विसंबण्याची आता भीती वाटते. रागावलास तरी लिही, पण लिही. तुझ्या अक्षराची मला सवय आहे.

तुझी,
नयना

•

गडहिंग्लज
११ मार्च २०२५

चि. नयनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसलो. खूप हसलो. तुझ्या वहिनीने काय झालं म्हणून विचारलं, तिला पत्र वाचून दाखवलं, मग ती हसली, आणि मग मला म्हणाली, हसून झालं असेल तर पोरीला काहीतरी उपयोगाचं लिहा. पन्नाशी उलटलेल्या बाईला ती अजून पोर म्हणते.

तर लिहितो. तू औषधाच्या शब्दाचं नुसतं तोंड पाहिलंस. शब्दाचे अवयव सोडवून बघावेत. आपल्या बेफिकीरमधला बे काढला की खाली फिकीर उरते, तसंच इंग्रजीतही आहे. पुढे ‘अन’ किंवा ‘डिस’ लागला की अर्थ बहुधा उलटतो, ‘मिस’ लागला की बिघडतो. शेवटी ‘लेस’ आला की समजावं, काहीतरी नाही. मधे ‘बट’ किंवा ‘दो’ दिसला की वाक्य कूस बदलतं, तिथे सावध राहावं. आणि अंदाज करायचाच असेल, तर त्याला दोन साक्षीदार हवेत, एक शब्दाचं अंग आणि दुसरं शेजारचं वाक्य. दोघांची साक्ष जुळली तरच पुढे जा.

हे सगळं मला पूर्वीपासून माहीत होतं. वर्गात शिकवलं नाही. यादी तपासायला सोपी असते.

सहाशे शब्दांपैकी उरलेले बाजूला ठेव. असं मी म्हणालो, हे कुणाला सांगू नकोस. पत्राची वाट पाहतो आहे.

तुझा,
दामोदर

•

के. आर. पुरम
२३ जून २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

काल पेपर झाला. उताऱ्याच्या पहिल्याच ओळीत एक न ऐकलेला शब्द! मनात म्हटलं, स्वल्प मुंदे होगी, आणि खरंच सरकले.

गोष्ट अशी होती. एका नदीवर एक म्हातारा नावाडी असतो. नदीवर पूल होतो आणि त्याच्या होडीत कुणी बसेनासं होतं. तरी तो रोज सकाळी काठावर येऊन बसतो. लोक पुलावरून जाताना त्याला हात करतात, ते त्याला आवडत नाही. एके दिवशी एक मुलगी ‘अनअकंपनीड’ येते. मी तुझ्यासारखं शब्दाला सोडवून पाहिलं, आत कंपनी निघाली, पुढे अन. म्हणजे सोबत कुणी नाही. दुसरा साक्षीदार मात्र फितूर निघाला, कारण तिच्यासोबत एक शेळी होती. जरा गडबडले. मग ठरवलं, शेळीला इंग्रज लोक सोबत धरत नसावेत. तर ती शेळी पुलाला बिचकते, म्हणून मुलीला होडीच हवी असते. म्हाताऱ्याला इतका आनंद होतो की तो अनवाणीच पळत सुटतो. खुंटाशी जाऊन बघतो, तर दोर आहे आणि होडी नाही.

इथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं, दादा. परीक्षेच्या हॉलमध्ये! पर्यवेक्षक बाईंना वाटलं, मला पेपर जड गेला. त्यांना काय सांगणार, की इंग्रजीतली गोष्ट मला आयुष्यात पहिल्यांदा कळली म्हणून रडते आहे?

सहा-सात शब्द शेवटपर्यंत कळले नाहीत. तू विचारशील म्हणून आठवून बघितले, एकही आठवत नाही. प्रश्न सगळे सोडवले. निकाल ऑगस्टमध्ये. तोवर जिवाला घोर आहेच. तूही थोडा वाटून घे.

तुझी,
नयना

•

गडहिंग्लज
१ जुलै २०२५

चि. नयनास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

होडी कुणी नेली? सगळं पत्र लिहिलंस आणि नेमकं तेवढंच लिहायचं राहिलं. दोन दिवस मी आणि तुझी वहिनी त्यावरच बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की बत्तीस वर्षं मी मुलांना शब्दांचे अर्थ विचारत आलो. पुढे काय झालं असेल, हे एकालाही विचारलं नाही.

आणखी एक लिहायचं आहे. तू नववीत माझ्या वर्गात होतीस. एका शब्दाचा अर्थ तू मनाने लिहिलास. शब्द कोणता ते विसरलो, पण अर्थ बरोबर होता हे विसरलो नाही. मी नवा मास्तर होतो. बहिणीला झुकतं माप देतो असं कुणी म्हणू नये, म्हणून तुला सगळ्यांसमोर शून्य दिलं आणि म्हणालो, ही अंदाजाने लिहिते. त्यानंतर वर्षभर तू माझ्या तासाला हात वर केला नाहीस. ते मला दिसत होतं. पुढे दहावीला तू इंग्रजीत राहिलीस तेव्हा घरात सगळे तुला बोलले, आणि मीही बोललो. नयना, मी चुकलो होतो. निकाल काहीही लागो, हे तुला त्याआधी कळायला हवं.

तुझा,
दादा

•

के. आर. पुरम
१४ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले! उताऱ्यात चाळीसपैकी एकतीस. एक सप्टेंबरपासून मी नोंदणीच्या टेबलावर बसणार. नवी पुस्तकं आली की आधी मी उघडायची आणि ती कशाबद्दल आहेत ते लिहायचं. अक्काने सबंध ग्रंथालयाला म्हैसूरपाक वाटला.

तुझ्या पत्राला निकाल लागेपर्यंत उत्तर दिलं नाही, कारण लिहायला बसले की अक्षर हलायचं. मला ते शून्य आठवतं, दादा. नाही म्हणणार नाही. मी ढ आहे, हे मी त्या दिवशी ठरवलं आणि मग कुणाला विचारलंच नाही. तुझं पत्र ट्रॉलीपाशी उभ्यानेच वाचत होते. अक्काला मराठीचं अक्षर कळत नाही. तिने एकदा पत्राकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, भाऊ माफी मागतोय का? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग एवढं रडू नकोस, त्याला लवकर लिही.

होडीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. उतारा तिथेच तुटला आणि खाली पुस्तकाचं नाव नव्हतं. अक्काच्या मते पूल बांधणाऱ्या कंत्राटदाराने नेली. मला वाटतं, त्या मुलीला ठाऊक आहे आणि ती सांगत नाही. आता तुझं मत हवं. कशात बघू नकोस, वहिनीला विचारू नकोस, मनाने लिही. चुकलास तरी शून्य देणार नाही.

तुझी,
नयना