चुलीपाशी लावलेला कागद

माय, तू गेल्यानंतरचा हा सातवा हिवाळा. मी अजून जळगावातच आहे, मेहरूणच्या बाजूला, आणि कामही तेच करते, हवा मोजायचं. गच्चीवरच्या यंत्रात पांढरा कागद लावायचा, दिवसभर त्यातून हवा ओढू द्यायची, मग कागद सुकवून पुन्हा काट्यावर ठेवायचा. आधीच्या आणि नंतरच्या वजनातला फरक म्हणजे हवेतली धूळ. तुला हे सांगितलं तेव्हा तू पदर तोंडाला लावून हसली होतीस. "वारानं वजन कराना पगार भेटस का वं तुले?" अजूनही काट्यासमोर बसले की ते आठवतं आणि मी एकटीच हसते. ऑफिसात सगळ्यांना वाटतं, बाई जरा तऱ्हेवाईक आहे.

सोनगीरजवळच्या आपल्या घरात तुझा खोकला तेव्हा दोन वर्षं मुरला होता. गॅस मीच आणून दिलेला, पण त्यावर तू फक्त पाहुण्यांचा चहा करायचीस. भाकरी आणि भरीत चुलीवरच, कपाशीच्या वाळक्या काड्यांवर. मी सांगून थकले. शेवटी बॅटरीवरचं छोटं यंत्र पिशवीत घालून आणलं, कोऱ्या कागदाचं वजन वहीत लिहून. म्हटलं, माझं नाही तर कागदाचं तरी ऐकशील. तू यंत्राकडे नवरदेवाकडे बघावं तसं खालीवर बघितलंस आणि म्हणालीस, "मशीननी सांगं ते मी चूल बंद करी देसू." तू शब्दाची पक्की, हे मला माहीत होतं.

यंत्र चुलीशेजारी घुरघुरतंय. तू काड्यांवर हिरवी लांब वांगी मांडली आहेस, त्यांची सालं तडतडत फुटतायत, धूर आधी पत्र्याला आणि मग आपल्या डोळ्यांत. तू मान वळवून खोकतेस आणि पुन्हा वांगं फिरवतेस. मिरची-लसूण ठेचतेस, कांद्याची पात चिरतेस. कित्येक महिन्यांनी घरी आलेली मी पाटावर बसून नुसती वास घेतेय. तासाभराने झाकण उघडलं. कागद तव्याच्या बुडासारखा काळा. तू माझ्याकडे न बघताच विचारलंस, "काय दिखस वं त्यामा?" ताट वाढून झालं होतं, भरीत, कळण्याची भाकरी, वर तेलाची धार. मी म्हटलं, "काही नही माय, ठीक शे." तू म्हणालीस, "मंग जेवाले बस." मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

ती काजळी म्हणजे अर्धवट जळालेला कार्बन, इतका बारीक की नाक-घसा त्याला अडवूच शकत नाही, तो थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतो. हे मी तेव्हाही जाणत होते. आता तर शाळाशाळांतून सांगत फिरते. काजळी थोड्या दिवसांत खाली बसते किंवा पावसात धुऊन जाते, पण कार्बन डायऑक्साइड शेकडो वर्षं वर राहतो आणि जमिनीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. फळ्यावर हे लिहिताना तुझीच बाजू घ्यावीशी वाटते. तुझ्या काड्यांतला कार्बन कपाशीने त्याच वर्षी हवेतून घेतलेला होता, पुढच्या कपाशीने तो पुन्हा उचलला. जग तापलं ते जमिनीच्या पोटातून उपसलेल्या कोळशाने, डिझेलने, माझ्या गाडीने, मी रात्रंदिवस चालवते त्या एसीच्या विजेने. तुझ्या चुलीने जाळलं ते तुलाच.

तू गावभर सांगितलंस, लेकीने तपासलंय म्हणून. आणखी तीन हिवाळे निर्धास्तपणे धुरात बसलीस. चौथ्यात धाप लागली. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, घरात चूल आहे का? नाकात नळी असताना तू केवढ्या तोऱ्यात म्हणालीस, "शे ना. मन्ही आंडेरनी तपासं शे. धूरमा काहीच नही." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर बघत उभी राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता इथे गॅसवर वांगं भाजते, एकटीपुरतं एकच. त्याला चव नसते आणि समोर कुणी बसलेलं नसतं. फार एकटं वाटतं, माय.

तो कागद झाकणाच्या डबीत आहे. वहीत त्याचं आधीचं वजन लिहिलेलं, नंतरच्या वजनाची जागा कोरी. आज काट्यापर्यंत नेला आणि परत आणला. हे पत्र घडी घालून त्याच डबीखाली ठेवणार आहे. तुला वाचता येत नव्हतं, आणि वाचून दाखवायची वेळ होती तेव्हा मी तोंड उघडलं ते घास घ्यायला.

कागद काळाकुट्ट होता, माय. मला भूक लागली होती.