मधले दहा सेकंद

१२ जाने.
बाहेरून बारावीला परत बसतेय. आपल्या पळसदरीच्या अंगणवाडीत सेविकेची जागा निघतेय. बारावी नाय झाले तर जन्मभर मदतनीसच. गेल्या खेपेला समाजशास्त्रात चार मार्कांनी आपटले. लेक पिंकी म्हणते, "आई, नुसतं वाचून काय व्हतंय गं? मोबाईलात प्रश्न रेकॉर्ड कर, दहा सेकंद गप्प रहा, मग उत्तर बोल. भाकऱ्या थापताना ऐक."

१५ जाने.
केलं. प्रत्येक प्रश्नानंतर "सांग गं" म्हणते, मग गप्प. स्वतःचाच आवाज, हसू येतं. पण डोक्यात बसतंय की!

२१ जाने.
दुपारी पीठ मळत होते. "कुटुंबाचे मुख्य प्रकार किती? सांग गं." माझं तोंड उघडायच्या आत मोबाईलातनं हळूच, "दोन हायत."
रेकॉर्ड करताना तिथं मी गप्प होते. आणि रेकॉर्डिंगला मी मुद्दाम पुस्तकी बोलते, 'हायत' नाय.
आपण नाय बोललो म्हणून पिंकीनं गळ्याची शपथ घेतली.

२३ जाने.
सासूबाईंना ऐकवलं. त्यांनाही ऐकू आलं. "अगं येडे, नाव न घेता हाक मारतेस, ती पण भर दुपारची? ज्याला कुणी बोलवत नाय तेच ओ देतं. पुसून टाक."
परीक्षा तोंडावर. नाय पुसलं.

४ फेब्रु.
मोबाईलातली ती ज्याचं उत्तर देते ते मला आठवत नाय. कुटुंबाचे प्रकार वहीत बघावे लागले. आज पुसायला घेतलं, पण मग माझ्याजवळ राहिलं काय? ठेवून दिलं.

१६ फेब्रु.
आता सगळीच उत्तरं तिची. फार भीती वाटते. तरी लावते.

२ मार्च
समाजशास्त्र. केंद्र खोपोलीला. प्रश्न वाचला आणि डोकं कोरी पाटी. रडूच आलं. मग हात आपोआप चालायला लागला. दोनदा पुरवणी मागितली. जो धडा उघडलाच नव्हता, तो पण लिहिला.
बाहेर पिंकी, "कसा गेला गं?" सोपा होता म्हटलं. काय लिहिलं, एक ओळ आठवली नाय.
घरी येऊन मोबाईल लावला. प्रश्नांमागं नुसती शांतता. ती आत नाय.

३ मार्च
पास झाले तर अंगणवाडीतल्या पोरांसमोर उभी कोण राहणार, मी का ती? पास व्हायचंय मला. खरंच व्हायचंय. पण निकाल लवकर लागू नये.