बाबांचा भात

रविवार, संध्याकाळ

आज शांती नगरहून उत्तनपर्यंत धावत गेले. निघताना मुगाचं धिरडं आणि पनीर, वाटेत खारे शेंगदाणे. एरवी एवढं पुरतं, पण आज परतीच्या चढावर पायच उचलेनात. घरी येऊन धपकन बसले आणि बाबांना विचारलं, "थोडा भात आहे का?"

"भात कुठला? तू खात नाहीस. तुझी आई गेल्यापासून कुकर लावलाच नाही. एकट्यासाठी काय लावायचा?"

रत्नागिरीचा माणूस, भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणणारा, रोज माझ्यासोबत धिरडी खातोय. आणि मी रनिंगच्या ग्रुपवर कौतुकाने सांगतेय, बाबांनीपण भात सोडला! त्यांची पँट ढगळ झाली तेव्हा मीच "बघा, कसे फिट झालात" म्हणाले होते. मला कळायला नको होतं?

आईचा कुकर वरच्या फळीवर होता. शिटी शोधायलाच वेळ गेला. बाबा मात्र पहिल्या शिटीलाच ताट घेऊन बसले. मी भात वाढला आणि वरण आणायला वळले. परत आले तर ते नुसताच भात खात होते, भराभर, मान खाली घालून.

वरणाचं पातेलं हातात धरून मी तशीच उभी राहिले.