जंत नाही, जंतू

ती. आप्पांना,

काल रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. भीतीने नाही, आनंदाने. माझ्या पोटातले जंतू गेले, कालच तपासणीत कळलं.

तुम्ही पोटाच्या कॅन्सरने गेलात, तेव्हापासून जरा जळजळलं की वाटायचं, आता माझा नंबर. पोरगी अजून धड चालत नाही, तिला कोण बघणार? शेवटी डॉक्टरीणबाईंनी तोंडातून नळी घालून बघितलं. म्हणाल्या, "कॅन्सर नाही, जंतू आहेत." मी ऐकलं जंत! त्यांच्या गोळ्या फळीवर ठेवल्या आणि पोरीचं जंताचं औषध प्याले.

पुढच्या खेपेला दवाखान्यात हे सांगितलं, तर नर्सने कपाळावर हात मारला. "अगं बाई, जंत नाही, जंतू! डोळ्यांना दिसत नाहीत. वर्षानुवर्षं पोटात राहिले तर काहींना त्यातूनच कॅन्सर होतो."

मग चौदा दिवस गोळ्या घेतल्या, त्यानंतर महिन्याने श्वास तपासायला पिशवीत फुंकर मारली. साफ!

आप्पा, तुमचं पोट जळायचं तेव्हा आम्ही उगाच तुमच्या चहाला नावं ठेवली. हे जंतू लहानपणी घरातल्या घरातच एकमेकांकडून लागतात म्हणे. दादाचंही पोट जळतं. त्याला सांगितलं तर म्हणतो, "आली मोठी चौथी नापास डॉक्टर!" आता माझा फोनच उचलत नाही.

तुमची,
चिमणी

ता.क. हे पत्र आप्पांच्या फोटोमागे ठेवतेय. ज्याला सापडेल त्याने माझ्या दादाला फोन करा. नंबर दारामागे खडूने लिहिलाय. माझं नाव काढू नका, पोट तपासून घे एवढंच सांगा.