गार भिंत

९ फेब्रुवारी

आई आज पुन्हा म्हणाल्या, "भिंत गार लागते गं!" अर्धांगाचा झटका आला तेव्हा सासूबाईंसाठी हॉलचा कोपरा आम्ही माझ्या कारखान्यातल्या लाकडी भुशाच्या बोर्डांनी अडवून घेतला. एका बोर्डापलीकडे न्हाणीघर, त्याला टेकून त्यांचा लोखंडी पलंग. डावा हात गेला तो गेलाच, ना हालचाल ना स्पर्श — डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली.

"थंडीचे दिवस आहेत, आई. गार नाही तर काय गरम लागणार?" — हे म्हणाले. मीही हसले.

१० फेब्रुवारी

कारखान्यात दिवसभर भुशाचे बोर्ड. तुकडे दमट पेटीत ठेवायचे, मग त्यांतून उष्णता किती जाते, वीज किती जाते ते मोजायचं. साहेबांचा ठरलेला विनोद — "कोरडा बोर्ड सगळं पोटात ठेवतो, ओला झाला की लागला चुगल्या करायला!" खोटं नाही. कोरडा तुकडा विजेला दाद देत नाही. ओल चढली की वाट करून देतो. उष्णतेचंही तसंच, फक्त इतकं टोकाचं नाही. ओल्या बोर्डावर हात ठेवा, हाताची ऊब ओढून घेतो. म्हणून तो गार ला —

अगं बाई! आईंची भिंत!

११ फेब्रुवारी



साहेबांकडे ओल मोजायचं मीटर मागितलं. "न्या की! विचारायचं काय त्यात?" घरी येऊन आधी मेन बंद केला. आईंना हॉलमध्ये हलवलं. मग पलंगामागच्या बोर्डात मीटरची टोकं टोचली — आकडा सरसर वर! दुसऱ्या बाजूच्या बोर्डावर ढिम्म.

आणि त्याच ओल्या बोर्डावर स्विचबोर्ड. आईंच्या हवेच्या गादीचा पंप रात्रंदिवस तिथूनच चालतो.

वायरमनला बोलावलं. त्याने स्विचबोर्ड उघडला. एका वायरचं आवरण सोललेलं, तांबं थेट बोर्डाला टेकलेलं, भोवती काळा डाग. मागे न्हाणीघराचा पाइप झिरपतोय.

"वहिनी, पलंग लोखंडाचा आहे ना? काळ आला होता —" म्हणाला आणि सोललेली वायर कापायला घेतली.

हे आईंच्या पायाशी बसले. "तू सांगत होतीस. मी थट्टेवारी नेलं."

"अरे, झालं ना आता? चहा टाक," आई म्हणाल्या. आणि यांनी टाकला! साखर विसरले. आम्ही तसाच प्यायलो. आईंनी तर आणखी मागितला.

१३ फेब्रुवारी

पाइप बदलला. ओला बोर्ड भंगारात. वायरमन मजुरी घेईना — "आजींच्या हातचं पाणी द्या, पुरे." आईंनी उजव्या हाताने पेला पुढे केला. माणसं किती चांगली असतात! साहेब, हा वायरमन, चहा करणारे हे. आणि आई — कुणी ऐकेना तरी सांगत राहिल्या. आज नुसतं बसून त्यांच्याकडे बघावंसं वाटतं.

१४ फेब्रुवारी

आईंचा व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या. मी सगळं रंगवून सांगत होते. त्यांनी मध्येच थांबवलं.

"पलंगावर निजल्यावर भिंत यांच्या कुठल्या हाताला यायची?"

"डाव्या," म्हणता म्हणता मी आईंच्या हाताकडे पाहिलं.

बाईंनी आईंना डोळे मिटायला लावले. ओलं फडकं डाव्या तळव्यावर ठेवलं.

"गार," आई म्हणाल्या.